रीत दाखवल्याशिवाय गुण नाहीत

कडुबा एक तारखेपासून काम सोडतोय हे कळलं त्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या तृप्ती सोसायटीवर जी शोककळा पसरली, तशी मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाळेवरही पसरली नव्हती. शाळेत उलट पेढे वाटले गेले. ते मीच वाटले होते हे खरं, पण शिपायाने एकदम चार का उचलले, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

कडुबा म्हणजे आमचा वॉचमन. वॉचमन काय, दुसरा मिळतो. पण कडुबाच्या हातात पाण्याची चावी होती. आमच्या नळाला दर सहाव्या दिवशी संध्याकाळी पाणी येतं. ते खालच्या हौदात पडतं, आणि तिथून मोटार लावून ए, बी, सी अशा तीन विंगांच्या टाक्यांत चढवायचं. दोन तासांत, म्हणजे एकशेवीस मिनिटांत, हौद तळाला जातो. या एकशेवीस मिनिटांत कोणत्या विंगचा वॉल किती वेळ उघडा ठेवायचा, हे गेली आठ वर्षं फक्त कडुबाच्या डोक्यात होतं. आणि ते डोकं आता कन्नडजवळच्या त्याच्या गावी, भावाची मेंढरं सांभाळायला निघालं होतं.

नव्या वॉचमनसाठी लेखी वेळापत्रक हवं असं ठरलं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. शिवाय एकतीस वर्षं गणिताचा शिक्षक. पाठ्यपुस्तकातल्या 'एक टाकी दोन नळांनी भरते' या जातीच्या हजारो टाक्या मी आयुष्यभर फळ्यावर भरल्या आहेत आणि रिकाम्या केल्या आहेत. त्यातल्या एकाही टाकीखाली कुणी राहत नव्हतं, ही गोष्ट मात्र माझ्या तेव्हा लक्षात आली नाही.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण दुसरं कोणी ती सांगणार नाही. आमच्या बी विंगची टाकी कधीच रिकामी होत नसे. सहाव्या दिवशी सकाळी ए आणि सी विंगमध्ये नळांतून नुसती हवा यायची, आणि आमच्या टाकीत चार बोटं पाणी असायचं. तिन्ही विंगांत आठ-आठच घरं, टाक्याही सारख्याच. मग फरक कशाचा? संस्कारांचा. हे मी नोटीस बोर्डावर दर आठवड्याला वेगवेगळ्या सुविचारांतून सुचवत असे. एकदा सी विंगच्या सत्यशीलाबाई बादलीभर पाणी मागायला आल्या. मी बादली दिली आणि सोबत दहा मिनिटं काटकसरीवर माहितीही दिली. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. माहितीचा उपयोग झाला असावा, असं मी धरून चाललो.

तर, वेळापत्रक. आमचे चेअरमन तात्यासाहेब साखर कारखान्याच्या कचेरीत आयुष्य काढलेले. कन्नडकडे त्यांची बागायती आहे आणि आवाजही बागायती आहे. ते म्हणाले, "एखादा इंजिनिअर बोलवू." मी म्हणालो, "कशाला? माझ्या मोबाइलमध्ये एआय आहे. काहीही विचारा, सांगतो." आणि त्याच संध्याकाळी मी त्याला, बी विंगच्या चार बोटं पाण्याच्या उल्लेखासकट, प्रश्न घातला. त्याने असं काही देखणं वेळापत्रक दिलं की मला माझ्या सर्व माजी विद्यार्थ्यांची कीव आली. वर शेवटी एक वाक्यही होतं: 'बी विंगचे रहिवासी विशेष काटकसरी असावेत, असे दिसते.' एवढ्या थोड्या ओळखीत एवढी पारख! मी ते छापून बोर्डावर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डापुढे सत्यशीलाबाई उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी.

"सर, ए विंग पन्नास मिनिटं, बी विंग पन्नास, सी विंग पन्नास. किती झाले?"

"दीडशे," मी म्हणालो. बोललो आणि जीभ चावली.

"अन् हौद किती मिनिटांत संपतो?"

मी चष्मा पुसायला लागलो. चष्मा स्वच्छच होता. एकतीस वर्षं मी पोरांना 'ताळा करून पाहा' म्हणून कानीकपाळी ओरडलो, आणि माझ्याच सहीच्या कागदाचा ताळा भाजीच्या पिशवीने केला. रविवारी सर्वसाधारण सभा होती आणि मंगळवारी एक तारीख. तोवर बिनचूक वेळापत्रक झालं नाही, तर एखादी विंग सहा दिवस कोरडी राहणार होती आणि तिच्यासोबत माझी इभ्रतही.

मी थेट मेघाकडे गेलो. मेघा सी विंगमध्येच राहते. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि ते काम नेमकं असल्या एआयचंच आहे. दहावीला ती माझ्या हाताखाली होती. हुशार, पण रीत न लिहिता धाडकन उत्तर लिहायची. मी उत्तर बरोबर असलं तरी शून्य द्यायचो. ती हे विसरली असेल अशी माझी आशा होती.

"मेघा, हा तुमचा एआय ढ आहे. याला पुन्हा पहिलीपासून शिकवायचं काय लागेल?"

"शेकडो कोटी रुपये आणि काही महिने, सर. सोसायटीचा मेंटेनन्स थोडा वाढवावा लागेल."

"मग ढ तो ढच राहणार?"

"ढ नाहीये तो. घाईत आहे. पुन्हा न शिकवताही त्याच्याकडून नीट विचार करून घेता येतो. पायऱ्या मांडून सोडवायला लावायचं, एखादं सोडवलेलं उदाहरण दाखवायचं. तोच प्रश्न पाच-सहा वेळा विचारून जास्त वेळा येईल ते उत्तर धरायचं. आणि शेवटी त्याचं त्यालाच तपासायला लावायचं. बघू, तुम्ही विचारलं काय होतं?"

मी मोबाइल दिला. तिने वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी दहावी ब च्या वर्गात बारा वर्षांपूर्वी पेरलं होतं. माझ्या प्रश्नाची शेवटची ओळ होती: 'फक्त उत्तर सांग. रीत नको.'

"शून्य, सर," ती प्रेमाने म्हणाली.

मी उपाय करायला घरी निघालो, पण सोसायटीत कुठलाही उपाय एकट्याने करता येत नाही. जिन्यातच कडुबा भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, लांबून कळप बगून आकडा सांगनाऱ्यावर इस्वास ठिवू नाय. वाड्याच्या तोंडाशी हुबं ऱ्हावं अन् येकेक मेंढरू मोजून सोडावं. टाइम लागतोय, पर चुकत नाय." मी हसलो. मेंढरं वेगळी आणि गणकयंत्र वेगळं, असं त्याला समजावलं. मेघाने जे इंग्रजी शिक्षणाने सांगितलं तेच हा बिनपगारी सांगतोय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिक्षकाच्या डोक्यातून गोष्टी बाहेर जाण्याची सोय असते, आत यायची नसते.

तात्यासाहेबांना तर असा तोंडी व्यवहार मुळीच मान्य नव्हता. "मास्तर, असं तोंडानं इचारल्यावर कोन दाद देतंय? रीतसर दरखास्त टाका. अन् जरा दरारा पायजे. म्हनावं, नीट सांग, नाय तर हर्सूलला धाडतो."

कमिटीची तातडीची बैठक झाली. कोरम भरेना म्हणून माझ्या बायकोला, संध्याला, पोहे खालीच घेऊन यायला सांगितलं. लगेच भरला. प्रश्नाचा मसुदा मांडला, त्याला तीन दुरुस्त्या आल्या, सूचक-अनुमोदक झाले आणि तो एकमताने मंजूर झाला. 'प्रति, माननीय एआय साहेब, विषय: पाणी सोडण्याचे वेळापत्रक मिळणेबाबत' इथपासून 'सोबत: हौदाचा नकाशा' इथपर्यंत. मध्ये हर्सूलही होतं, फक्त तिथल्या तुरुंगाचा उल्लेख करायचा राहून गेला.

उत्तर आलं: 'आपला अर्ज प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे. आवश्यक कागदपत्रांसह पुन्हा संपर्क साधावा. हर्सूल तलाव परिसर सहलीसाठी उत्तम आहे, सोबत पाण्याची बाटली ठेवावी.'

तात्यासाहेबांना ते फार आवडलं. म्हणाले, "याला म्हनत्यात कामकाज." त्यांनी त्याची प्रत फायलीला लावली. मला मात्र घाम फुटला. जशी हाक तशी ओ, हे एवढं ताबडतोब पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग मेघाचा तिसरा उपाय घेतला, कारण तो लोकशाहीचा होता. पाच जणांनी पाच मोबाइलवर तोच प्रश्न विचारायचा आणि बहुमताचं उत्तर धरायचं. तीन मोबाइल म्हणाले, तिघांना चाळीस-चाळीस-चाळीस. एक म्हणाला, पंचेचाळीस-चाळीस-पस्तीस. तात्यासाहेबांचा मोबाइल म्हणाला, ए विंगला साठ आणि बाकीच्यांना तीस-तीस. त्यांनी प्रश्नाच्या सुरुवातीलाच 'मी चेअरमन असून ए विंगमध्ये राहतो' अशी ओळख करून दिली होती. त्यांनी फेरमतदानाची मागणी केली, ती फेटाळली. बहुमत चाळीसला. बेरीज एकशेवीस. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर आज बी विंगमध्ये ताठ मानेने फिरत असतो.

पण माझ्यातला शिक्षक जागा झाला. रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर हे उत्तर रीतीसकट काढून दाखवायचं, पायरी पायरीने, शेवटी ताळ्यासह, म्हणजे सत्यशीलाबाईंच्या भाजीच्या पिशवीला कायमचं उत्तर मिळेल, असा मी बेत केला. संध्या म्हणाली, "अहो, बेरीज जुळलीये ना? मग कशाला उकरून काढताय?" बायकोचं ऐकायची मला सवय असती तर ही कथा दीड पानात संपली असती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. तात्यासाहेबांनी घरचा टीव्ही खाली आणवला, मेघाने त्याला लॅपटॉप जोडला. मी आधी एआयला पाठ्यपुस्तकातलं टाकीचं एक उदाहरण रीतीसकट सोडवून दाखवलं. मग सोसायटीची सगळी माहिती दिली. घरं किती, टाक्या केवढ्या, कोणती विंग कधी कोरडी पडते. आणि शेवटी लिहिलं: 'घाई करू नकोस. रीत दाखव. ताळा कर.' लिहिताना मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी असं सांगत होतो.

टीव्हीवर पायऱ्या उमटू लागल्या आणि मी त्या मोठ्याने वाचू लागलो.

"पायरी एक. एकूण वेळ एकशेवीस मिनिटे. पायरी दोन. विंग तीन, घरे समान, टाक्या समान, म्हणून प्रत्येकी चाळीस मिनिटे." मी सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. त्या विणकाम करत होत्या.

"पायरी तीन, ताळा. प्रत्येकीला आताही चाळीस मिनिटे मिळत असतील, तर तिन्ही टाक्या साधारण एकाच वेळी रिकाम्या व्हायला हव्यात. दिलेल्या माहितीनुसार ए आणि सी सहाव्या दिवशी सकाळी रिकाम्या होतात, बी होत नाही. ताळा जुळत नाही."

विणकाम थांबलं.

"पायरी चार. याची कारणे दोन असू शकतात. एक, बी विंग पाणी कमी वापरते. दोन, बी विंगला पाणी जास्त मिळते. यांपैकी खरे कोणते, ते या माहितीवरून सांगता येत नाही. प्रत्येक वॉल प्रत्यक्ष किती वेळ उघडा असतो, ते मोजावे."

"मोजायचं काय त्यात?" मी म्हणालो आणि टाइप केलं, 'बी विंग काटकसरी आहे. तूच परवा म्हणाला होतास.'

'तसे असू शकते,' उत्तर आलं, 'परंतु परवाचे विधान मी न तपासता केले होते. कृपया मोजून पाहावे.'

सभा हसली. मी मेघाकडे वळून म्हणालो की हे यंत्र उद्धट झालंय. ती म्हणाली, "सर, ताळा जुळल्याशिवाय उत्तराखाली दोन रेघा मारायच्या नाहीत. हे मला कोणी शिकवलं?"

मोजायला फार लांब जावं लागलं नाही. मोटारीची खोली पार्किंगच्या कोपऱ्यातच आहे. मी तिथे बऱ्याच वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. सगळी सभा उठून माझ्यामागे आली. आत कडुबा पाइप गुंडाळत बसला होता, आणि त्याच्यामागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. मेंढरं मोजताना मारतात तशा उभ्या, सुबक. वर ए, बी, सी अशी अक्षरं.

"ह्या काय रे, कडुबा?"

"पाच मिंटं झाली की येक रेग, सर. घड्याळात बगून. इसरायला नको म्हनून."

मी मोजल्या. ए खाली सात. सी खाली सात. बी खाली दहा. त्याखालच्या पाळीला सात, दहा, सात. त्याखाली सात, दहा, सात. भिंतीच्या पार तळापर्यंत तेच. एक अंकही माझ्या बाजूने उभा राहायला तयार नव्हता.

"पस्तीस, पन्नास, पस्तीस," मागून सत्यशीलाबाई म्हणाल्या. "एकशेवीस. बेरीज बरोबर आहे, सर."

मेघाने बाहेर जाऊन आकडे घातले आणि तिथूनच वाचून दाखवलं. "पायरी पाच. ताळा जुळला. बी विंगला पंधरा मिनिटे जास्त मिळतात आणि ती जवळपास सगळी वापरलीही जातात. उपलब्ध माहितीनुसार काटकसरी विंग ए आणि सी आहेत."

न शिकवता, एक पैसा खर्च न करता, एआय शहाणा झाला होता. टाळी मात्र कोणी वाजवली नाही. मला भिंतीतून आरपार ए विंगमध्ये निघून जावंसं वाटलं. आठ वर्षांचे सुविचार डोळ्यांपुढून गेले. दर आठवड्याला एक. काही तर मी रंगीत खडूने लिहिले होते.

"कडुबा," मी म्हणालो, "मी तुला असं कधी सांगितलं होतं का रे?"

"नाय, सर." तो उठून उभा राहिला. "तुमी कशाला सांगताल? भारतला तुमी दहावीला याच खोलीत बसवून शिकविलं. वरीसभर. येक पैसा घेतला नाय. माजं पोरगं आज येष्टीत कंडक्टर हाय, बेरजा चुकत नाय त्याच्या. म्या काय देनार तुमाला? माज्या हातात तेवढी चावीच व्हती." आणि जरा ओशाळून म्हणाला, "तुमच्या घराला येगळा नळ नाय. म्हनून मंग समद्या विंगलाच द्यावं लागलं."

मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्याच वेळी त्या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती. तिन्ही एकदम कसं करायचं ते न सुचल्याने मी पुन्हा चष्मा पुसू लागलो. या वेळी तो खरंच ओला झाला होता. आयुष्यात एवढी मोठी गुरुदक्षिणा मला कोणी दिली नव्हती, आणि एवढी अडचणीचीही.

तात्यासाहेबांचा आवाजही खाली आला होता. शेवटी सत्यशीलाबाईच बोलल्या. "म्हणजे आठ वर्षं गुरुदक्षिणा कडुबाची, अन् पाणी आमचं." आधी मेघा हसली, मग त्या स्वतः हसल्या, मग सगळी खोली. कडुबाला काय झालं ते नीट कळलं नाही, पण तोही हसला. मी हसलो का, तर हो. वर्गात सगळे हसत असताना एकटं गंभीर राहणं किती कठीण असतं, ते मला शिक्षकाच्या खुर्चीवरून कधी दिसलं नव्हतं.

ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक सत्यशीलाबाई. प्रत्येकीला चाळीस मिनिटे. तात्यासाहेबांनी इतिवृत्तात 'एआय साहेबांच्या शिफारशीनुसार' असं घालायला लावलं. कडुबाच्या रेघा मी पुसू दिल्या नाहीत. त्यांच्याशेजारी नव्या वॉचमनसाठी मीच कोळशाने आठ, आठ, आठ रेघा ओढल्या. माझ्या वाकड्या आल्या. मंगळवारी कडुबा कन्नडच्या गाडीत बसला. मी त्याला भारतसाठी पेन दिलं. तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी त्याच्या पडायला वाकलो. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पहिली पाळी बिनचूक झाली. पाचव्या दिवशी दुपारी संध्याने न्हाणीघरातून हाक मारली. तिच्या हाताला साबण होता आणि नळात हवा होती. पाठोपाठ दारावरची बेल वाजली. बी विंगची उरलेली सात घरं उभी होती. सात घरांनी मला एकच प्रश्न विचारला, बहुमताची गरज पडली नाही. पन्नास मिनिटांच्या सवयी चाळीस मिनिटांत मावत नव्हत्या. मी एक दिवसाआड स्कूटर धूत असे, हेही त्या दिवशी प्रथमच काटकसरीत बसेना.

मी बादली घेऊन सी विंगचे दोन जिने चढलो. तिथली टाकी सहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरणार होती, हे एआयने आधीच सांगितलं होतं. सत्यशीलाबाईंनी बादली काठोकाठ भरून दिली. मग मला बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं काटकसरीवर माहिती दिली. मी घड्याळात पाहिलं, बरोबर दहा. खरं सांगायचं तर माहिती चांगली होती. भांडी कशी घासावीत याचा भाग मी संध्याला सांगणार आहे, योग्य वेळ पाहून.

दोन्ही हातांनी बादली सांभाळत जिना उतरत होतो, तोच खिशात मोबाइल वाजला. बादली पायरीवर टेकवली. पलीकडून मेंढरांचा कालवा ऐकू आला आणि मग कडुबाचा आवाज.

"सर, कडुबा बोलतोय. नव्या मानसाला चावी जमली का?"

"जमली रे. छान जमली."

"अन् तुमाला पानी पुरतंय ना?" तो जरा थांबला. "म्या हितं आलो, पर जिवाला घोर लागलाय."

मी बादलीकडे पाहिलं.

"पुरतं," मी म्हणालो. रीत काही मी दाखवली नाही.